झुपकेदार पतंगांची ओळख : नोला वंशाचा एक आढावा

पंख पसरले असता टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १५ ते २४ मिलिमीटर भरणारा, राखी किंवा मळकट पांढऱ्या रंगाचा, आणि पुढच्या पंखांवर उभ्या खवल्यांचे दोन-तीन बारीक झुपके बाळगणारा एक पतंग युरोपातील संग्राहकांच्या पेट्यांत अडीचशे वर्षांहून अधिक काळ टाचून ठेवला जात आहे. आणि तरीही आज एखाद्या जाणकारापुढे त्याचे छायाचित्र ठेवून जातीचे नाव विचारले, तर तो पुष्कळदा वंशाचे नाव सांगून थांबतो. या थांबण्यामागे अज्ञान असते असे समजणे अन्यायाचे होईल. नोला हा वंश आणि त्याला लागूनच असलेला मेगानोला हा वंश यांतील जाती परस्परांशी इतक्या सारख्या, आणि त्याच वेळी एकाच जातीतील व्यक्ती परस्परांहून इतक्या भिन्न असतात, की चित्राशी ताडून नाव लावण्याची जी पद्धत मोठ्या फुलपाखरांच्या बाबतीत बहुधा निभावून जाते, ती येथे पदोपदी दगा देते.

म्हणून या समूहाची ओळख कशी ठरते याचा आढावा घेऊ लागले, की कीटकशास्त्रात पुरावा कशाला म्हणावे, कोणत्या साक्षीला किती वजन द्यावे, आणि साक्ष अपुरी असता निकाल कोठे तहकूब ठेवावा, हे अधिक व्यापक प्रश्न आपोआप पुढे येतात. उदाहरणांसाठी येथे मुख्यतः ब्रिटनमधील जाती घेतल्या आहेत. कारण तेथील नोंदींचे दप्तर जुने व सलग आहे, आणि जातींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असूनही ओळखीच्या मार्गातील बहुतेक सर्व अडचणी त्या थोड्या जातींत पाहावयास मिळतात.

प्रथम या समूहाचे स्थान निश्चित केले पाहिजे, कारण ते निश्चित होण्यासच दोन शतकांवर काळ लागला. १७५८ साली लिनीअसने ‘सिस्टिमा नाटुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत आज नोला कुकुलाटेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे वर्णन केले, तेव्हा त्याने तिला कसरींसारख्या क्षुद्र पतंगांच्या विभागात बसविले. पुढे जर्मन ग्रंथकारांनी तिच्या काही भाईबंदांना पायरॅलिस या दुसऱ्याच विभागात दाखल केले. १८१५ साली लीच या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने नोला हा वंश स्वतंत्र केला खरा, परंतु त्या वंशाचे कुल कोणते हा तंटा त्यामुळे मिटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर जॉर्ज हॅम्पसन याने नोलांना केसाळ सुरवंटांच्या आर्क्टिइडी कुलात उपकुलाचा दर्जा दिला. नंतरच्या पिढीने त्यांना नॉक्टुइडी कुलाच्या पदरी टाकले. आणि आता शरीररचना व जनुकीय द्रव्य या दोहोंच्या पुराव्यावर नोलिडी हे स्वतंत्र कुल मान्य झाले असून नॉक्टुऑइडिया या महाकुलात त्याची गणना होते. जगभरात या कुलाच्या सुमारे १,७०० जाती ज्ञात आहेत.

या भटकंतीचे मूळ कारण असे, की प्रारंभीच्या वर्गीकरणकारांनी आकाराला आणि पंखांच्या सर्वसाधारण ठेवणीला फाजील महत्त्व दिले. लहान पतंग तेवढे एका गटाचे आणि मोठे दुसऱ्या गटाचे, हा विभाग संग्राहकाच्या सोयीचा असला तरी निसर्गाने तो मानलेला नाही. वस्तुतः पायरॅलिड पतंगांचे श्रवणेंद्रिय उदराच्या मुळाशी असते, तर नोला ज्या महाकुलात मोडतात त्यातील पतंगांचे श्रवणेंद्रिय वक्षाच्या मागल्या खंडात असते. पायरॅलिडांच्या सोंडेचे मूळ खवल्यांनी आच्छादलेले असते, नोलांचे उघडे असते. हे दोन भेद भिंगाखाली कोणासही तपासता येतात, आणि ते तपासले की आकारसाम्यामुळे उद्भवलेला पहिला आणि सर्वांत ढोबळ गोंधळ दूर होतो.

यानंतर ज्या खुणेवरून हा समूह सामान्यतः ओळखला जातो, त्या झुपक्यांचा विचार करू. पतंगाच्या पंखावरील खवले एरवी कौलांप्रमाणे एकावर एक निजलेले असतात. नोलांच्या पुढच्या पंखाच्या मध्यकोष्ठात मात्र ठराविक जागी ते उभे राहतात, आणि त्यांचे लहान लहान उंचवटे बनतात. पतंग बसलेला असताना बाजूने पाहिले तर हे उंचवटे स्पष्ट दिसतात, वरून पाहिले तर ते केवळ गडद ठिपक्यांसारखे भासतात. त्यामुळे एकाच पतंगाची वरून व बाजूने घेतलेली दोन छायाचित्रे दोन भिन्न जातींची वाटावीत असा प्रकार घडतो. त्याहून मोठी अडचण अशी, की हे उभे खवले अतिशय सहजपणे झडतात. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत प्रकाशसापळ्यात आलेल्या पतंगाच्या अंगावर झुपक्यांचा मागमूसही पुष्कळदा उरत नाही. म्हणून झुपका आढळला तर तो साक्ष म्हणून अवश्य रुजू करून घ्यावा, परंतु तो आढळला नाही एवढ्यावरून काहीही सिद्ध झाले असे मानू नये.

शिवाय झुपके ही केवळ नोलांचीच मिरास नाही. टॉर्ट्रिसिडी या सर्वस्वी भिन्न कुलातील ॲक्लेरिस क्रिस्टाना या जातीच्या पंखांवरही खवल्यांचा ठळक तुरा असतो, आणि तिच्या रंगछटांमध्ये इतके वैचित्र्य आहे की संग्राहकांनी तिच्या शंभराहून अधिक प्रकारांना निरनिराळी नावे देऊन ठेवली आहेत. एक जात शंभर रूपे धारण करते आणि दुसरीकडे चार जाती जवळजवळ एकच रूप धारण करतात, या दोन टोकांच्या मधोमध ओळखीचा सारा प्रश्न उभा आहे. आणि रंगाला अंतिम साक्षीदार मानणाऱ्याची दोन्हीकडे सारखीच फसगत होते.

आता जातींकडे वळू. ब्रिटनमधील नोलांत सर्वांत सुलभपणे ओळखता येणारी जात म्हणजे उपर्युक्त कुकुलाटेला. तिच्या राखी-तपकिरी पुढच्या पंखाचा मुळाकडील भाग गडद असून एका वक्र काळसर रेषेने तो एकदम तोडल्यासारखा संपतो, त्यामुळे बसलेल्या पतंगाने खांद्यावर आखूड उपरणे टाकले आहे असे दिसते. परंतु तिचेही काळवंडलेले प्रकार आढळतात, आणि सर्वच पंख गडद झाला म्हणजे मुळाकडील गडदपणाचा काही उपयोग उरत नाही. दुसरी जात नोला कन्फ्यूझालिस. हिचे नामकरण हेरिख-शेफर याने १८४७ साली केले. हिचा पंख पांढरट राखी असून त्यावर बारीक काळ्या आडव्या रेषा असतात. आतली रेषा सलग व ठसठशीत, बाहेरची रेषा तुटक, ठिपक्या-ठिपक्यांची. तिसरी मेगानोला स्ट्रिग्युला. ही अधिक करडी व निस्तेज असून हिच्या रेषा नागमोडी व अस्पष्ट असतात. चौथी मेगानोला आल्ब्युला. हिचा पंख तुलनेने रुंद, पांढरा, आणि त्यावर फिकट तपकिरी पट्टे जणू पाण्याने पुसल्यासारखे पसरलेले असतात. पाचवी नोला एरुग्युला. ही पांढरटापासून तपकिरीपर्यंत वाटेल त्या छटेत आढळते, आणि म्हणूनच हिच्याविषयीचा प्रत्येक दावा काळजीपूर्वक तपासावा लागतो.

ताज्या, न झिजलेल्या नमुन्यांच्या बाबतीत एवढ्या वर्णनावरून बहुतेक वेळा निर्णय लागतो. अडचण येते ती झिजलेल्या नमुन्यांत, काळवंडलेल्या प्रकारांत, आणि भूखंडावरील युरोपात, जेथे कन्फ्यूझालिसच्या शेजारी तिच्याशी अत्यंत सदृश अशी नोला सिकॅट्रिकालिस ही जात वावरते. तेथे पंखावरील रेषांचा युक्तिवाद बहुधा अपुरा पडतो, आणि म्हणूनच अभ्यासकाला पंखाबाहेरचे साक्षीदार शोधावे लागतात.

असा पहिला साक्षीदार म्हणजे काल. कन्फ्यूझालिस ही मे व जून महिन्यांत उडते. कुकुलाटेला, स्ट्रिग्युला व आल्ब्युला या सामान्यतः जूनच्या उत्तरार्धापासून पुढे, जुलैमध्ये विशेष दिसतात. हा भेद केवळ यदृच्छेने पडलेला नाही. कन्फ्यूझालिस हिवाळा कोषावस्थेत काढते, त्यामुळे वसंतात ऊब येताच तिचा पतंग बाहेर पडण्यास सिद्ध असतो. बाकीच्या जाती हिवाळा लहान सुरवंटाच्या अवस्थेत काढतात, त्यामुळे वसंतात त्यांना आधी पाला खाऊन वाढावे लागते, नंतर कोष विणावा लागतो, आणि तेवढ्यात उन्हाळ्याचा पूर्वार्ध निघून जातो. एखाद्या खुणेमागील कार्यकारणभाव असा उमगला, म्हणजे ती खूण केव्हा विश्वासार्ह आणि केव्हा शंकास्पद हेही समजते: मेच्या मध्यास आलेला फिकट नोला बहुधा कन्फ्यूझालिसच असणार, असे म्हणण्यास सबळ आधार आहे, परंतु जूनच्या अखेरीस मोसम एकमेकांत मिसळतात, आणि तेव्हा पंचांगाच्या साक्षीचे वजन घटते.

दुसरा साक्षीदार म्हणजे स्थल व वनस्पती. कुकुलाटेलाचे सुरवंट हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, सफरचंद, प्लम अशा गुलाबाच्या कुलातील झाडाझुडपांवर वाढतात, म्हणून शेतांच्या कुंपणांत आणि बागांत ती विपुल आहे. स्ट्रिग्युला ओकच्या जुन्या अरण्यांना धरून राहते. कन्फ्यूझालिसलाही ओक प्रिय आहे, परंतु ती इतर पानझडी वृक्षांवरही निर्वाह करते. आल्ब्युला रानटी रासबेरीच्या जातीच्या काटेरी वेलींवर वाढते आणि समुद्रकाठच्या प्रदेशात अधिक आढळते. एरुग्युलाचे सुरवंट क्लोव्हरसारख्या शिंबावंत वनस्पतींवर पोसतात. केंट परगण्यात डील गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची वस्ती होती, पुढे ती नष्ट झाली, आणि आता ब्रिटनमध्ये ती क्वचित समुद्र ओलांडून येणारी पाहुणी म्हणूनच दिसते. हा शेवटचा तपशील विशेष बोधप्रद आहे. जी जात एखाद्या प्रदेशातून नाहीशी झाली आहे, ती परत आली असे म्हणणे हे एक ऐतिहासिक विधान आहे, आणि झिजलेल्या पंखाच्या एका धूसर छायाचित्रावर असे विधान उभारणे म्हणजे पुढील सर्व अभ्यासकांच्या दप्तरात खोटा दाखला घुसडण्यासारखे आहे.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित, साक्षीदार म्हणजे सुरवंट व त्याचा कोष. पतंगांच्या सुरवंटाला सामान्यतः उदराच्या मध्यभागी मांसल पायांच्या चार जोड्या व शेपटाकडे एक जोडी असते. नोलाच्या सुरवंटात मात्र मधल्या चारांपैकी पहिली जोडी नसते, आणि त्याच्या अंगावरील लहान गाठींतून केसांचे पुंजके निघतात. पायांची ही मोजणी सुरवंट जिवंत असताना, त्याला कोणतीही इजा न करता, साध्या भिंगाने करता येते. कोष तर याहूनही अधिक बोलका असतो. रेशीम आणि सालीचे कण यांच्या दोन भिंती उभारून सुरवंट त्या वरच्या बाजूस सांधतो, त्यामुळे कोषाला पालथ्या होडीचा आकार येतो, आणि एका टोकाला पतंग बाहेर पडण्यासाठी उभी चीर राहते. ही रचना केवळ नोला वंशाची नव्हे, तर समग्र नोलिडी कुलाची खूण आहे; ज्या पुराव्यांवर हे कुल स्वतंत्र ठरले त्यांत तिचे स्थान अग्रभागी आहे. याच कुलातील उराबा लुगेन्स या ऑस्ट्रेलियन जातीचा सुरवंट तर कात टाकताना जुन्या मस्तकाचे कवच फेकून देत नाही, तर ती कवचे आपल्या डोक्यावर एकावर एक रचून मिरवतो, आणि नीलगिरीच्या झाडांची पाने कुरतडणारा हा प्राणी त्यामुळे दुरूनही ओळखू येतो.

सुरवंटाच्या साक्षीचे महत्त्व किती, याचे सर्वांत ठळक उदाहरण नोलांच्या बाहेरचे आहे. नॉक्टुइडी कुलातील ॲक्रोनिक्टा साय व ॲक्रोनिक्टा ट्रायडेन्स या दोन जातींचे पतंग बाह्यांगावरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत, परंतु त्यांचे सुरवंट मात्र प्रथमदर्शनीच भिन्न दिसतात. म्हणजे ज्या प्रश्नासाठी प्रौढ पतंगाचे शवविच्छेदन करावे लागते, त्याचे उत्तर काही आठवडे आधी त्याच झाडाच्या पानावर उघड पडलेले असते. नोलांचा अभ्यास करणाऱ्याने दिव्याशी येणाऱ्या पतंगांची वाट पाहत बसण्याबरोबरच फांद्या झोडपून सुरवंट गोळा करण्याची आणि ते पाळून वाढविण्याची जुनी विद्या सोडता कामा नये, ती याचसाठी.

हे सर्व साक्षीदार थकले म्हणजे सूक्ष्मदर्शकाकडे जावे लागते. मृत पतंगाचे उदर वेगळे करून ते दाहक पोटॅशच्या सुमारे दहा टक्के द्रावणात ठेवायचे, मऊ ऊतके विरघळली की बारीक कुंचल्याने खवले व मेद काढून टाकायचे, मागे राहिलेली जननेंद्रियांची कठीण रचना रंगवून काचपट्टीवर कायम करायची, आणि मग नरातील झडपांचा आकार व त्यांवरील आकड्यासारखे प्रवर्ध, मादीतील शुक्रकोशाची ठेवण व त्याच्या भिंतीवरील काटेरी खूण, यांची तुलना प्रमाणभूत आकृत्यांशी करायची, अशी ही पद्धत आहे. लिव्हरपूल येथील एफ. एन. पिअर्स याने १९०९ साली नॉक्टुइडी गटाच्या नरांच्या जननेंद्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध करून या पद्धतीला इंग्रज अभ्यासकांत प्रतिष्ठा मिळवून दिली. रंग उन्हाने विटतो आणि झुपके वाऱ्याने झडतात, पण ही अंतर्गत रचना पतंगाच्या मृत्यूनंतर शतकभरानेही जशीच्या तशी तपासता येते. म्हणूनच जुन्या संग्रहातील पेट्या आजही उघडल्या जातात, आणि एका नावाखाली टाचलेल्या रांगेतून दोन जाती निघाल्याचे अधूनमधून उघडकीस येते.

या पद्धतीसाठी पतंगाचा जीव घ्यावा लागतो, आणि या गोष्टीचे दुःख ज्याला वाटत नाही त्याने हा अभ्यास करू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. जेथे काल, स्थल, वनस्पती व ताजा पंख यांची एकवाक्यता आहे, तेथे नमुना मारण्याचे काहीच प्रयोजन नाही. जेथे प्रदेशाला नवी अशी जात सापडल्याचा दावा करायचा आहे, तेथे मात्र एक नमुना, त्याला जोडलेल्या स्थळ-काळाच्या चिठ्ठीसह, एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात जमा करणे हे कर्तव्यच होय. चिठ्ठीविना ठेवलेला नमुना म्हणजे व्यर्थ घेतलेला प्राण.

गेल्या पाव शतकात याच्या जोडीला जनुकीय ओळखीची पद्धत आली. कॅनडातील गेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली असा प्रस्ताव मांडला, की प्राणिपेशीतील सूत्रकणिकांमध्ये असलेल्या एका जनुकाचा ठराविक तुकडा, पतंगांच्या बाबतीत ६५८ घटकांचा, वाचून त्यावरून जात ओळखावी. पतंगाचा एक पाय पुरतो, सुरवंट असो वा झिजलेला पंख असो, उत्तर सारखेच मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु तिलाही मर्यादा आहेत. सूत्रकणिका केवळ आईकडून येतात. दोन जातींचा भूतकाळी संकर झाला असेल, किंवा वोल्बाकिया नावाचा जंतू मातृवंशातून पसरला असेल, तर जनुकाचा तुकडा एक सांगतो आणि शरीर दुसरेच सांगते. शिवाय ज्या संदर्भसंचयाशी ताडून नाव मिळते, त्यातील मूळ नमुना कोणीतरी डोळ्यांनी पाहूनच ओळखलेला असतो. तो चुकीचा ओळखला असेल तर ती चूक यंत्राच्या अधिकाराने पुढे जाते. म्हणून जनुकाने इतर साक्षीदारांना पदच्युत केले असे न मानता, त्यांच्या रांगेत एक सामर्थ्यवान साक्षीदार वाढला असेच मानले पाहिजे.

हा सारा विषय परदेशचा, आपला त्याशी संबंध काय, असे मराठी वाचकाला वाटण्याचे कारण नाही. ज्या हॅम्पसनचा उल्लेख वर आला तो नीलगिरीत चहाचा मळेवाला होता. तेथेच त्याला पतंगांचा नाद लागला, आणि १८९२ ते १८९६ या काळात त्याने हिंदुस्थानातील पतंगांवर चार खंडांचा जो ग्रंथ रचला, तो आजही आपल्याकडील अभ्यासकाला हाताशी ठेवावा लागतो. परंतु हॅम्पसनची भिस्त पंखांच्या शिरा व बाह्य खुणांवर होती. त्याने एक मानलेल्या जाती पुढील तपासणीत अनेक ठरणे, हे आशियातील नोलांच्या बाबतीत अजूनही चालू आहे. जेरेमी हॉलोवे यांनी बोर्निओच्या पतंगांवरील आपल्या ग्रंथमालेचा एक भाग २००३ साली केवळ याच कुलाला वाहिला, यावरून उष्ण प्रदेशात हा विषय किती विस्तीर्ण आहे याची कल्पना यावी.

आणि शेतकऱ्याला तर हे कुल नावाने नसले तरी कर्माने पुरते ठाऊक आहे. कपाशीचे कोवळे शेंडे व बोंडे आणि भेंडीची फळे पोखरणारी ठिपक्याची बोंडअळी म्हणजे एरियास वंशातील दोन जाती, आणि एरियास हा वंश नोलिडी कुलातलाच होय. एरियास व्हिटेलाच्या फिकट पुढच्या पंखावर मधोमध हिरवा पाचरीसारखा पट्टा असतो. एरियास इन्सुलानाचा पंख सबंध हिरवा, आणि ऋतुमानाप्रमाणे पिवळट वा तपकिरीही होतो. दोन्हींच्या कोषाला पालथ्या होडीचाच आकार असतो. गुलाबी बोंडअळी गेलेकिइडी कुलातील, अमेरिकन बोंडअळी नॉक्टुइडी कुलातील, आणि ठिपक्याची बोंडअळी नोलिडी कुलातील. तिन्ही एकाच बोंडावर येत असल्या तरी त्यांचे जीवनक्रम व त्यांना आवर घालण्याचे उपाय एक नाहीत, आणि एकीऐवजी दुसरी समजून योजलेला उपाय शेतकऱ्याच्या पैशाची व श्रमाची हानी करतो. खुद्द नोला वंशही ज्वारीला चिकटलेला आहे: अमेरिकेत नोला सिरिएला ही जात ज्वारीच्या कणसांवरील कीड म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आपल्याकडेही ज्वारीच्या कणसांत जाळी करून राहणाऱ्या अनेक सुरवंटांमध्ये नोला ॲनालिस या जातीची नोंद झालेली आहे. कणसातल्या त्या गर्दीत पायांच्या जोड्या मोजणारा आणि कोषाचा आकार पाहणारा निरीक्षक नोलाला इतरांतून निवडून काढू शकतो.

एवढ्या विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. नोलांच्या ओळखीत स्वयंसिद्ध अशी एकही खूण नाही. झुपका कुलाकडे बोट दाखवितो, पण तो झडतो व इतर कुलांतही आढळतो. रंग सुचवितो, पण भुलवितो. मोसम व वनस्पती निवडीचे क्षेत्र आकुंचित करतात. सुरवंट व कोष बळकट आधार देतात. जननेंद्रिये व जनुके बहुधा निकाल लावतात, परंतु तीही परस्परांशी ताडूनच. यांपैकी ज्या साक्षी हाती आहेत त्या जेथवर एकमताने नेतील तेथवर जावे, आणि त्यापुढे ‘नोला, जाती अनिश्चित’ असे लिहून लेखणी थांबवावी. असे थांबणे हे नोंदीचे वैगुण्य नसून तिचे शील आहे. आपल्याकडे हौशी निरीक्षकांची संख्या वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्यांच्यापैकी प्रत्येकाने नावाबरोबर तारीख, ठिकाण, झाड, पतंग ताजा होता की झिजलेला, आणि नाव कोणत्या पुराव्यावर ठरविले, एवढा तपशील लिहून ठेवला, तर त्याने दिलेले नाव पुढे चुकीचे ठरले तरी त्याची नोंद वाया जाणार नाही; कारण नंतर येणाऱ्या अभ्यासकाला ती तपासता येईल, दुरुस्त करता येईल, आणि तिच्यावर पुढचे काम उभारता येईल.